कोणते पुस्तक हाती द्यावे?
अद्भुतकथा, विज्ञानकथा आणि वाचकांचे प्रश्न

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या दोन वाङ्मयप्रकारांविषयी वाचक जे प्रश्न विचारतात, ते साधारणतः तीन वळणांचे असतात. पहिला प्रश्न पालकांचा : मुलांना यातले काय वाचायला द्यावे? दुसरा प्रश्न श्रद्धावंतांचा : जादूटोणा, परग्रहावरचे जीव, काळातून मागेपुढे जाणारी माणसे असले वाचन आपल्या धर्माला बाधते काय? तिसरा प्रश्न खुद्द तरुण वाचकांचा असतो, आणि तो सर्वांत प्रामाणिक असतो : हे एक वाचले, फार आवडले, असेच आणखी काही आहे काय?

या तिन्ही प्रश्नांना आपल्याकडे दोनच ठराविक उत्तरे मिळत आली आहेत. एक तर दहा-बारा पुस्तकांची यादी हाती दिली जाते. नाहीतर 'त्यापेक्षा काहीतरी चांगले वाच' असा उपदेश केला जातो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. यादी देणारा वाचकाला ओळखत नाही आणि उपदेश करणारा पुस्तकाला ओळखत नाही. ज्याला दोहोंची ओळख आहे त्यानेच शिफारस करावी. अशी शिफारस करताना कोणती कसोटी लावावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आमची कसोटी साधी आहे. कल्पित जगात सामर्थ्याची किंमत मोजावी लागते काय, एवढेच पाहावे. जादू असो, यंत्र असो, वा ताऱ्यांपर्यंत नेणारे यान असो. माणसाच्या हाती नेहमीपेक्षा अधिक बळ आले, की त्या बळाने त्याचे काय केले, हे जी कथा खरेपणाने सांगते ती वाचनीय. जी कथा बळ फुकट देते आणि वापरणाऱ्याला जसाच्या तसा घरी परत पाठवते, ती करमणूक करील. पण ती वाचून हाती काही राहणार नाही.

प्रथम जादूच्या प्रश्नाकडे वळू. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथातील २११७ वा परिच्छेद जादूटोण्याचा स्पष्ट निषेध करतो. गूढ शक्ती वश करून इतरांवर सत्ता गाजवण्याची खटपट ही श्रद्धेच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय आहे. याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि निषेध कृतीचा आहे, कथेचा नव्हे. पवित्र शास्त्रात बलामाची गाढवी बोलते, आणि शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम लोकांना एक गोष्ट सांगतो, तीत झाडे आपल्यासाठी राजा निवडायला निघतात. झाडे बोलत नाहीत हे योथामाला ठाऊक होते आणि त्याच्या श्रोत्यांनाही ठाऊक होते. लोक सत्तेसाठी अपात्र माणसाला कसे जवळ करतात, हे उघड सांगून पटत नव्हते, म्हणून त्याने काटेरी झुडपाला राजा केले. आपण लहानपणी 'चांदोबा'त वेताळाच्या गोष्टी वाचल्या, त्याही वेताळाची भक्ती करण्यासाठी वाचल्या नाहीत. शेवटी येणाऱ्या अवघड प्रश्नाला राजा काय उत्तर देतो, ते पाहण्यासाठी वाचल्या.

या दृष्टीने इंग्रजीतील सर्वांत मोठी अद्भुतकथा कोणत्या घरात जन्मली, हे आमच्या वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. जॉन रोनाल्ड रुएल टोल्किन यांचा जन्म १८९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील लवकर वारले. आईने १९०० मध्ये कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, त्याबद्दल माहेर-सासरच्या मदतीला ती मुकली, आणि १९०४ मध्ये तिचेही निधन झाले. मागे राहिलेल्या दोन मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी निभावले. हाच अनाथ मुलगा पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. १९३७ मध्ये त्याने 'द हॉबिट' आणि १९५४-५५ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली. रॉबर्ट मरे या येशूसंघीय मित्राला लिहिलेल्या १९५३ च्या पत्रात टोल्किन यांनी हे लेखन मुळात धार्मिक आणि कॅथोलिक असल्याचे नमूद केले आहे.

गंमत अशी, की या प्रचंड ग्रंथात ना चर्च आहे, ना प्रार्थनाविधी, ना देवाचे नाव घेऊन केलेले प्रवचन. रूपककथा आपणांस आवडत नाहीत, असे टोल्किन उघड सांगत. मग कॅथोलिकपण आहे कुठे? ते कथेच्या रचनेत आहे. एका अंगठीत सर्वांवर राज्य करण्याचे सामर्थ्य आहे. सज्जनांनी ती वापरून दुर्जनांचा नाश करावा, हा सरळ मार्ग. पण कथेतील शहाणी माणसे ती हाती घ्यायलाच घाबरतात, कारण चांगल्या हेतूने वापरली तरी ती वापरणाऱ्याला गिळून टाकील हे त्यांना कळते. ती नष्ट करण्याचे काम एका लहानखुऱ्या, शेतीवाडीत रमणाऱ्या जमातीतील फ्रोडोवर येते. आणि फ्रोडो अखेरच्या क्षणी हरतो. ज्वालामुखीच्या कड्यावर उभे राहून तो अंगठी स्वतःची म्हणून बोटात घालतो. ती नष्ट होते ती गॉलम या पतित जीवामुळे, ज्याला मारण्याची संधी असूनही आधी बिल्बोने आणि मग फ्रोडोने दया दाखवून सोडलेले असते. नायकाच्या पराक्रमाने जे साधले नाही ते पूर्वी केलेल्या दयेने साधले. कृपा म्हणजे काय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात ज्या मुलाला नीट कळले नसेल, त्याला ते येथे कळू शकेल. कादंबरीच्या परिशिष्टात अंगठीच्या नाशाची तारीख २५ मार्च दिली आहे. मरियामातेला देवदूताने संदेश दिला त्या सणाचा हाच दिवस. टोल्किन यांनी त्याकडे बोट दाखवले नाही. ज्याला दिसेल त्याला दिसावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

त्यांचे स्नेही सी. एस. लुईस यांची पद्धत निराळी. १९३१ च्या सप्टेंबरमधील एका रात्री टोल्किन आणि आणखी एका मित्राशी झालेल्या दीर्घ चर्चेनंतर लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले. मात्र ते अँग्लिकनच राहिले. त्यांच्या नार्नियाच्या सात पुस्तकांत (१९५० ते १९५६) अस्लान नावाचा सिंह एका दगाबाज मुलासाठी स्वतःचा प्राण देतो आणि पुन्हा उठतो. अर्थ लपत नाही. टोल्किन यांना ही पुस्तके रुचली नाहीत. आम्ही मात्र आठ ते बारा वर्षांच्या मुलांना नार्निया अवश्य देऊ, कारण त्या वयात दगाबाज मुलगा आपणच आहोत हे चटकन कळते. पुढे तेरा-चौदाव्या वर्षी टोल्किन द्यावे. क्रम उलटा केल्यास नार्निया बाळबोध वाटते.

'हॅरी पॉटर'ची सात पुस्तके (१९९७ ते २००७) घराघरांत पोचली आहेत. त्यांचा मराठी अनुवादही झाला आहे. या पुस्तकांविषयी पालकांची भीती आम्हांस ठाऊक आहे. पण कसोटी लावून पाहावी. तेथील खलनायक मृत्यू टाळण्यासाठी इतरांचे प्राण घेतो आणि स्वतःच्या आत्म्याचे तुकडे करतो. नायक वाचतो तो आईने प्राण दिला म्हणून. शेवटच्या पुस्तकात दोन थडग्यांवर नव्या करारातील वचने कोरलेली आहेत : एक मत्तयच्या शुभवर्तमानातील, दुसरे संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील. ती कोणती, हे मुलांनी शोधून काढावे. लेखनगुणांत ही पुस्तके टोल्किनच्या पंक्तीला बसत नाहीत. मधले खंड पसरट झाले आहेत. पण वाङ्मयीन दोष निराळा आणि श्रद्धेला धोका निराळा, यांची गल्लत करू नये.

ही कसोटी केवळ ख्रिस्ती लेखकांना लागू पडते असे कोणी समजू नये. अर्सुला ले ग्विन ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचा ओढा ताओ विचाराकडे होता. त्यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीतील गेड हा हुशार विद्यार्थी सहाध्यायाला खिजवण्यासाठी मृतात्म्याला बोलावतो. त्यातून एक काळी सावली जगात सुटते, ती घालवून फट बुजवताना वृद्ध गुरूचा प्राण जातो, आणि गेडला पुढे दूरवर त्या सावलीचा पाठलाग करावा लागतो. शेवटी तो तिला नाव देतो, ते स्वतःचेच. आपल्या पापाला आपले नाव देणे, याला आपण काय म्हणतो ते आमच्या वाचकांना सांगायला नको. दोनशे पानांच्या आतबाहेरचे हे पुस्तक ज्यांना टोल्किनची जाडी भिववते त्यांनी आधी वाचावे.

आता विज्ञानकथेकडे येऊ, आणि आरंभ मराठीपासूनच करू. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नची पुस्तके मराठीत आणून एका पिढीला 'चंद्रावर स्वारी' करवली. पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. हे जगताप म्हणजे प्रत्यक्षात जयंत विष्णु नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे नाव घेतले होते. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी विज्ञानकथेची दखल घेतली, आणि या प्रकाराला मराठीत प्रतिष्ठा लाभू लागली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे यांनी तो पुढे समृद्ध केला. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले.

मराठी वाचकाने कोठून आरंभ करावा असे कोणी विचारले, तर आम्ही त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा सुचवू. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अशा मुंबईत जाऊन पोचतात, जेथे १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. कल्पना विलक्षण आहे, आणि तिला पुंजभौतिकीचा आधार आहे. पण वाचकाच्या मनात राहतो तो गंगाधरपंतांचा गोंधळ : जे घडले तेच घडायला हवे होते काय? 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या पेटीतून एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते, आणि त्यातून घडवलेला यंत्रमानव माणसापुढेच संकट म्हणून उभा राहतो. यंत्रांच्या बुद्धीविषयी आज जी चर्चा चालू आहे, ती ऐकणाऱ्याने हे पुस्तक पुन्हा उघडावे. फुकटचे ज्ञान फुकट पडत नाही, हेच येथेही सूत्र.

मात्र समीक्षकाने गुणाबरोबर उणेही सांगावे. नारळीकरांच्या, आणि एकूणच मराठी विज्ञानकथेच्या, बऱ्याच भागात कल्पना ठसठशीत आणि माणसे पुसट असे घडले आहे. एक शास्त्रज्ञ दुसऱ्याला सिद्धांत समजावून सांगतो आणि कथा थांबून राहते. विज्ञानाचा प्रसार हा हेतू उदात्त खरा. पण कथा वर्गातल्या फळ्यासमोर बसली की ती कथा राहत नाही. तरुण लेखकांनी यातून धडा घ्यावा.

उरला सर्वांत नाजूक प्रश्न. विज्ञानकथेत धर्मगुरू वारंवार येतात, आणि त्यांची श्रद्धा पणाला लागते. अशी पुस्तके द्यावीत काय?

आर्थर क्लार्क यांची 'द स्टार' ही १९५५ ची छोटी कथा घ्या. दूरच्या तेजोमेघाचा अभ्यास करून परतणाऱ्या यानावर मुख्य खगोलशास्त्रज्ञ एक येशूसंघीय, म्हणजे जेज्वीट, धर्मगुरू आहे. स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याच्या सर्वांत दूरच्या ग्रहावर त्यांना एका नष्ट झालेल्या, सुंदर संस्कृतीचे जपून ठेवलेले अवशेष मिळतात. धर्मगुरू गणित मांडतो, आणि त्याला कळते की त्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोचला तो बेथलेहेमच्या रात्री. ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा तारा एका अख्ख्या लोकसमूहाची चिता होता.

ही कथा वाचून अस्वस्थ होणार नाही असा श्रद्धावंत विरळा. आम्ही ती टाळावी असे म्हणणार नाही. तिचा दोष वाङ्मयीन आहे : सारी क्रूरता एका योगायोगावर आणि अखेरच्या वाक्याच्या धक्क्यावर उभी आहे. पण तिचा प्रश्न खोटा नाही. तो ईयोबाने राखेत बसून विचारलेला प्रश्न आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा लोकांच्या मनात उठलेला प्रश्न आहे. प्रभूने तो प्रश्न उडवून लावला नाही. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असे उलट विचारून त्याने सोपे उत्तर नाकारले. क्लार्क स्वतः श्रद्धावंत नव्हते, तरी त्यांचा धर्मगुरू देवाशी बोलणे थांबवीत नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. ज्या मुलाला हा प्रश्न घरात विचारता येत नाही, त्याला तो एखाद्या पुस्तकात एकट्याने गाठतो. खरा धोका पुस्तकात नसून त्या एकटेपणात आहे.

जेम्स ब्लिश यांच्या 'अ केस ऑफ कॉन्शन्स' (१९५८) मधील फादर रुइझ-सांचेझ यांच्यापुढे उलटा पेच आहे. ज्या ग्रहावर पाप नाही, गुन्हा नाही आणि देवाची जाणीवही नाही, असा ग्रह ते पाहतात आणि तो सैतानाची निर्मिती आहे असा निष्कर्ष काढतात. पण सैतान काही निर्माण करू शकतो, असे मानणे हेच पाखंड! पूर्वार्ध उत्कृष्ट, उत्तरार्ध विसकळीत, असे आमचे मत आहे. मेरी डोरिया रसेल यांच्या 'द स्पॅरो' (१९९६) मध्ये परग्रहावरून गाणी ऐकू येतात आणि येशूसंघीयांची एक तुकडी ती गाणाऱ्यांना भेटायला जाते. त्यांनी भल्या हेतूने लावलेल्या बागेतून संहार ओढवतो, आणि एकटा परतलेला फादर एमिलिओ सांदोझ शरीराने आणि मनाने मोडलेला असतो. यातील लैंगिक अत्याचाराचा भाग पाहता हे पुस्तक प्रौढांसाठीच आहे. पण मिशनकार्याचा इतिहास ज्यांनी आदराने वाचला आहे, त्यांनी ही दुसरी बाजूही सोसून पाहावी.

या गटातील एकच पुस्तक सुचवा असा आग्रह झाला, तर आम्ही वॉल्टर मिलर यांचे 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ' हे नाव घेऊ. मिलर दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर होते आणि संत बेनेदिक्त यांनी सहाव्या शतकात स्थापलेल्या मोंते कासिनो मठावरील बाँबहल्ल्यात त्यांचा सहभाग होता. तो मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी जमीनदोस्त झाला. युद्धानंतर १९४७ मध्ये मिलर कॅथोलिक झाले, आणि १९५९ मध्ये ही त्यांची कादंबरी निघाली. अणुयुद्धात जग बेचिराख झाले आहे. उरलेल्या लोकांनी रागाने पुस्तके आणि पंडित दोन्ही जाळले आहेत. वाळवंटातील एका मठात काही साधू अर्थ न कळणारे कागद शतकानुशतके नकलून जपत आहेत. त्यांत एका शास्त्रज्ञाची वाण्याकडच्या सामानाची यादीही पवित्र अवशेष म्हणून ठेवलेली आहे. एक भोळा मठवासी एका यंत्राच्या नकाशाची सोनेरी वेलबुट्टीची नक्कल करण्यात पंधरा वर्षे घालवतो. वाटमारे ती सुंदर नक्कल लुटून नेतात आणि क्षुल्लक वाटणारे मूळ त्याच्याकडे सोडून जातात. हसू येते, आणि हसताहसता गळा दाटतो. कारण त्या कागदांतून ज्ञान पुन्हा जन्मते, आणि ज्ञानाबरोबर बाँबही. श्रद्धेने ज्ञान जपले, ते चुकले काय? मिलर उत्तर देत नाहीत. पण ज्याने स्वतः एक मठ पाडण्यात हात लावला त्याने मठच जगाची स्मृती राखतो असे लिहावे, यात एक प्रायश्चित्त आहे, असे आम्हांस वाटते.

याउलट, केवळ धार्मिक म्हणून शिफारस केली जाणारी पुस्तके सपक निघू शकतात. रॉबर्ट ह्यू बेन्सन या धर्मगुरूंची 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' (१९०७) ही देवाला विसरलेल्या भविष्यकाळाची कादंबरी पोप फ्रान्सिस यांनी जाहीरपणे वाचायला सांगितली होती. तिची दूरदृष्टी मान्य. पण पात्रांत जीव थोडा आहे. पहिले पुस्तक म्हणून ती आम्ही कोणाला देणार नाही.

याच पोपमहोदयांनी साहित्याविषयीच्या आपल्या जुलै २०२४ च्या पत्रात सांगितलेला अनुभव मात्र शिफारस करणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावा. १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनातील सांता फे येथील शाळेत साहित्य शिकवीत. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने महाकाव्य होते. विद्यार्थ्यांना हवा होता गार्सिया लोर्का. त्यांनी ठरवले, की महाकाव्य मुलांनी घरी वाचावे आणि वर्गात त्यांच्या आवडीच्या लेखकांवर बोलावे. आवडीतून शिरले की पुढची वाट वाचक स्वतः शोधतो, हा त्यांचा अनुभव.

विज्ञान आणि श्रद्धा यांचे वैर आहे असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी व्हॅटिकनच्या वेधशाळेकडे पाहावे. तिचे २०१५ ते २०२५ या काळातील संचालक ब्रदर गाय कोन्सोलमान्यो विज्ञानकथेचे नामांकित चाहते आहेत. परग्रहावरील जीवाला बाप्तिस्मा द्याल काय, या प्रश्नावर त्यांनी फादर पॉल म्युलर यांच्यासह २०१४ मध्ये एक पुस्तकच लिहिले. तिने मागितला तर, असे त्यांचे थोडक्यात उत्तर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या जागी आले ते येशूसंघाच्या गोवा प्रांताचे फादर रिचर्ड डिसोझा. ताऱ्यांविषयी प्रश्न विचारणाऱ्या आपल्या मुलांना एवढे तरी ठाऊक असावे.

शेवटी पालकांना आणि ग्रंथालय चालवणाऱ्यांना एकच सांगणे. कल्पित जगात सामर्थ्याची किंमत मोजावी लागते, हे आम्ही पुस्तकांविषयी म्हटले. शिफारशीचीही किंमत असते. जे पुस्तक मुलाच्या हाती द्यावयाचे ते आपण आधी वाचले पाहिजे, आणि तो परत येऊन प्रश्न विचारील तेव्हा घरी असले पाहिजे. एवढी तयारी नसेल तर यादी देऊ नये, आणि बंदीही घालू नये.